तालुका ते राज्य : शाळेतल्या धावपटूंचा आणि हर्डल्सच्या पोरांचा हंगाम नेमका कसा चालतो

शाळा उघडली की पीटीच्या सरांच्या टेबलावर क्रीडा स्पर्धांचं परिपत्रक येतं आणि मैदानी स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पालकांना तो कळतो थेट तालुक्याला नंबर आल्यावर. मधल्या काळात काय होतं, पोरगं पुढं का गेलं किंवा का राहिलं, हे बहुतेक घरांत कुणाला माहीत नसतं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांत पळणाऱ्या पायांची कमी नाही. शर्यत हातची जाते ती फक्की चुकीची मारल्यामुळे, घड्याळामुळे, हर्डल्स नसल्यामुळे किंवा दिवाळीच्या तोंडावर घर उसाला निघाल्यामुळे. ही सगळी मोठ्या माणसांच्या हातातली कामं आहेत, म्हणून ही माहिती शिक्षक आणि पालक दोघांसाठी.

पायऱ्या आणि वयोगट

शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने होतात. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. राज्यात क्रीडा खात्याचे ८ विभाग आहेत आणि आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागात येतो. राज्यातून निवड झालेली मुलं भारतीय शालेय खेळ महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेला महाराष्ट्राच्या संघातून जातात. तालुक्याचं काम तालुका क्रीडा अधिकारी आणि संयोजक शाळा बघते, जिल्ह्याचं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय.

गट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुलं-मुली वेगवेगळे. १९ चा गट म्हणजे मुख्यतः कनिष्ठ महाविद्यालय. जन्मतारखेची अट परिपत्रकात दिलेली असते आणि ती इयत्तेवर नसते. नववीतलं एखादं पोरगं उशिरा शाळेत घातलेलं असतं, ते १७ च्या गटातून बाहेर पडतं आणि थेट बारावीच्या पोरांसमोर उभं राहतं. हे स्पर्धेच्या सकाळी कळण्यापेक्षा जुलैत कळलेलं बरं. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर या तिन्हींवर नाव आणि तारीख एकसारखी आहे का, ते एकदा बघून घ्या. एका अक्षराच्या फरकावरून मैदानातून परत पाठवलेली पोरं आपल्याकडे कमी नाहीत.

शालेय स्पर्धांशिवाय ॲथलेटिक्स संघटनेच्या स्पर्धा वेगळ्या चालतात. त्यांचे वयोगट १४, १६, १८ आणि २० असे आहेत. यातली राष्ट्रीय आंतरजिल्हा कनिष्ठ स्पर्धा ग्रामीण पोरांसाठी विशेष महत्त्वाची, कारण तिथं राज्याचा नाही, जिल्ह्याचा संघ जातो. जिल्हा निवड चाचणी पार केली की विभाग-राज्य या पायऱ्या आड येत नाहीत. पण दोन्हीकडची प्रमाणपत्रं वेगळी आणि त्यांचा उपयोगही वेगळा, हे लक्षात ठेवावं.

मैदान आखताना होणारी चूक

नियमाचं मैदान ४०० मीटरचं. गावातल्या शाळेला तेवढी जागा क्वचित मिळते. बहुतेक ठिकाणी २०० मीटरचा गोल बसवतात आणि १०० मीटरची शर्यत गोलाच्या बाहेरून, आडव्या पट्ट्यात घेतात. त्यात काही वाईट नाही. पळणाऱ्याला शेवटी थांबायला १५-२० मीटर मोकळी जागा सोडली आणि समोर कुंपण नसलं म्हणजे झालं.

खरी गडबड होते २०० मीटरला. पुस्तकातला तक्ता ४०० मीटरच्या मैदानासाठी असतो. तिथं २०० मीटरची शर्यत अर्ध्या फेरीची, म्हणून दुसऱ्या लेनवाल्याला ३.५२ मीटर पुढं उभं करतात आणि पुढच्या प्रत्येक लेनला ३.८३ मीटर वाढवतात. हाच तक्ता सर २०० मीटरच्या मैदानावर लावतात. पण तिथं २०० मीटर म्हणजे पूर्ण फेरी! पूर्ण फेरीचा स्टॅगर दुसऱ्या लेनला ७.०४ मीटर आणि पुढं प्रत्येक लेनला ७.६७ मीटर असतो. मैदान लहान असो की मोठं, लेनची रुंदी १.२२ मीटर असेल तर हा आकडा बदलत नाही, कारण तो फेरीच्या लांबीवर नाही, लेनच्या रुंदीवर ठरतो. आता हिशोब करा. चौथ्या लेनमधल्या पोराला २२.३८ मीटर पुढं उभं करायला हवं होतं आणि त्याला मिळाले ११.१८. म्हणजे तो पहिल्या लेनवाल्यापेक्षा ११ मीटरहून जास्त पळाला. या वयात दीड सेकंद गेला. ते पोरगं पाचवं आलं, घरी जाऊन म्हणालं की मला जमत नाही, आणि घरच्यांनीही मान्य केलं.

जागा कमी म्हणून लेन १ मीटरच्या आखल्या असतील तर पूर्ण फेरीला दर लेनमागं साधारण ६.२८ मीटर धरावेत. टेप नसेल तर दोरी मोजून आणावी, पावलांनी मोजू नये.

रिलेच्या बाबतीतही जुनी सवय चालू आहे. ४ बाय १०० मध्ये बॅटन देण्याचा पट्टा आता ३० मीटरचा आहे, काही मैदानांवर अजून २० मीटरचाच आखतात. या पट्ट्यात कोण कुठं उभं आहे हे बघायचं नसतं, बॅटन कुठं आहे ते बघायचं असतं. तालुक्याला चार चांगली पोरं असलेला संघ बॅटन पडून बाद होतो आणि त्याचं कारण एकच, चौघांनी एकत्र सराव केला तो आदल्या दिवशी.

घड्याळातले सेकंद

“आमचा पोरगा ११.५ मध्ये पळतो” हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. पळतही असेल. पण घड्याळ कुणाच्या हातात होतं आणि ते कशावर चालू केलं, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

हातातल्या घड्याळाचा वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ यांत १०० आणि २०० मीटरला साधारण ०.२४ सेकंदाचा फरक धरतात, ४०० ला ०.१४ चा. शिवाय हातघड्याळाचा वेळ नेहमी वरच्या दशांशाकडे न्यायचा असतो. १२.३१ दिसलं तर १२.४ लिहायचं, १२.३ नाही. तिसरी गोष्ट आवाजाची. घड्याळ पिस्तुलाचा धूर किंवा उजेड दिसताच चालू करायचं. आपल्याकडे शिट्टी किंवा क्लॅपर असतो आणि वेळ घेणारे सर १०० मीटर लांब उभे असतात. आवाजाला तिथं पोचायला जवळपास ०.३ सेकंद लागतो. म्हणजे घड्याळच उशिरा चालू झालं आणि पोरगं तेवढं ‘फास्ट’ झालं. दोन्ही धरली तर गावातले १२.० सेकंद विभागाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर साडेबाराच्या आसपास दिसतात. पोरगं बिघडलेलं नसतं, घड्याळ बदललेलं असतं. हे त्याला आधी सांगून ठेवलं नाही तर विभागावरून येताना ते रडत येतं. सोपा उपाय म्हणजे स्टार्टरने शिट्टीसोबत हात किंवा झेंडा खाली आणायचा आणि घड्याळवाल्याने हात बघून चालू करायचं. तीन घड्याळं असतील तर मधला वेळ, दोनच असतील तर जास्तीचा.

फॉल्स स्टार्टचंही असंच. २०१० पासून नियम कडक आहे, पहिल्याच चुकीला खेळाडू बाहेर. तालुक्याला स्टार्टर सांभाळून घेतात, वरती कुणी घेत नाही. ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतीत खाली वाकून, ब्लॉकवरून निघणं नियमाने बंधनकारक आहे. ज्या पोराने ब्लॉक कधी पाहिलेला नाही ते विभागाच्या सिंथेटिक ट्रॅकवर त्यात पाय कसा ठेवायचा हेच शोधत बसतं. गावातला लोहार ब्लॉक बनवून देतो. मातीत खिळे ठोकून बसवला तरी सरावापुरतं भागतं.

स्पाइक्सबद्दल पालक फार काळजी करतात. अनवाणी पळायला नियमाची आडकाठी नाही, पण तापलेल्या सिंथेटिकवर तळपायाला फोड येतात, तेव्हा साधे का होईना बूट असावेत. सिंथेटिकवर खिळ्याची लांबी ९ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. मुरमाच्या मैदानासाठी घेतलेले लांब खिळे तिथं बदलावे लागतात.

हर्डल्स : सगळ्यात मोकळी जागा आणि सगळ्यात मोठी अडचण

तालुक्याला १०० मीटरच्या हिटमागून हिट चालतात. अडथळ्याच्या शर्यतीला मात्र कधी कधी पाच-सहाच नावं, कधी तीन. म्हणजे जिल्ह्याला जायचा रस्ता इथं सगळ्यात रिकामा. पण याच कारणामुळं पोरं जिल्ह्यापर्यंत एकही खरं हर्डल न ओलांडता पोचतात आणि विभागाला दहा हर्डल्सची रांग पहिल्यांदा बघतात. काही पोरं तिसऱ्या हर्डलला थांबतात. भीती वाटते, आणि वाटणारच.

मोजमापं सांगून ठेवतो. १७ आणि १९ च्या गटात मुलांची ११० मीटर आणि मुलींची १०० मीटर अडथळा शर्यत असते, दोघांचीही ४०० मीटर असते. १४ च्या गटात ८० मीटर. ११० मीटरला दहा हर्डल्स : पहिलं १३.७२ मीटरवर, मधलं अंतर ९.१४ मीटर, शेवटच्यापासून रेषेपर्यंत १४.०२ मीटर. मुलींच्या १०० मीटरला पहिलं १३ मीटरवर, मधलं अंतर ८.५० आणि शेवटी १०.५०. ४०० मीटरला ४५, ३५ आणि ४०. उंची वयाप्रमाणे बदलते. आंतरराष्ट्रीय नियमात ११० मीटरला १८ वर्षांखालील मुलांना ०.९१४ मीटर, २० खालील मुलांना ०.९९१ आणि मोठ्यांना १.०६७ मीटर. मुलींच्या १०० मीटरला १८ खालील गटात ०.७६२ आणि मोठ्या महिलांना ०.८३८. शालेय स्पर्धेची त्या वर्षीची उंची परिपत्रकातून लिहून घ्यावी आणि सरावाच्या काठीवर खूण करून ठेवावी.

हर्डल ठेवायची दिशा चुकणं ही आपल्याकडची सगळ्यात धोकादायक चूक. हर्डलचे खालचे पाय पळणाऱ्याच्या बाजूला यायला हवेत. तसं ठेवलं तर लागल्यावर ते पुढं पडतं. उलटं ठेवलं तर ते पडत नाही, पोरगं पडतं. नियमाचं हर्डल वरच्या पट्टीला साधारण ३.६ ते ४ किलोचा जोर लागला की कलंडायला हवं. वेल्डिंग करून पाइपचे जड हर्डल्स बनवणाऱ्या शाळांनी हा आकडा दुकानदाराला सांगावा.

नाहीच मिळाले तर? दोन बाजूला विटांचा किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा थर आणि वर सैल ठेवलेली वेळूची काठी किंवा प्लास्टिकचा पाइप. बांधायचा नाही, नुसता ठेवायचा, म्हणजे पाय लागला की पडेल. सुरुवात गुडघ्याच्या खालच्या उंचीपासून करावी आणि मधलं अंतर कमी ठेवावं. ९.१४ च्या जागी सात-साडेसात मीटर, मग वाढवत न्यावं. पोराला आधी तीन पावलांची लय कळली पाहिजे, उंची नंतर येते. पहिल्या हर्डलपर्यंत शाळकरी पोरांची आठ पावलं होतात. आठ पावलं टाकणाऱ्याने जो पाय जमिनीवर दाबून उडी घेतो तो पाय ब्लॉकमध्ये पुढं ठेवायचा. ही एवढी गोष्ट जमली नाही म्हणून पहिल्या हर्डलसमोर पाय बदलताना अडखळणारी पोरं दर वर्षी दिसतात.

उडी हर्डलच्या अगदी जवळून घेतली तर उंच जावं लागतं आणि वेळ जातो. जवळपास दोन मीटर आधी निघायचं आणि पलीकडं मीटरभरावर उतरायचं. हर्डल्स म्हणजे उंच उडी नाही, मध्ये काहीतरी आडवं आलेलं असताना केलेली धाव आहे. तीन पावलं पुरत नसतील तर चार टाकावीत, त्यासाठी दोन्ही पायांनी उडी घेता यायला हवी. नाहीतर पाच. पण पाच टाकणारा शर्यत जिंकत नाही, एवढं त्याला सांगून टाकावं.

हर्डल पडलं म्हणून कुणी बाद होत नाही. मुद्दाम पाडलं, किंवा मागचा पाय पट्टीच्या उंचीखालून हर्डलच्या बाहेरून गेला, किंवा पाडलेल्या हर्डलने दुसऱ्याची वाट अडवली, तर बाद. पालक गॅलरीतून “पडलं, पडलं” म्हणून ओरडतात. ओरडू नये, पोरं मागं वळून बघतात.

इथं शेजारच्या छत्रपती संभाजीनगरच्या तेजस शिरसेचं नाव घ्यायलाच हवं. २२ मे २०२४ रोजी फिनलंडमध्ये त्याने ११० मीटर अडथळा शर्यत १३.४१ सेकंदात पळून राष्ट्रीय विक्रम केला. त्याआधीचा १३.४८ चा विक्रम मुंबईच्या सिद्धांत थिंगलायाचा होता, २०१७ मधला. म्हणजे या प्रकारात सात वर्षं विक्रम महाराष्ट्राच्याच पोराचा आणि तो मोडणाराही महाराष्ट्राचाच. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तर न पडणारे अडथळे ओलांडतो. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं. पण तो शालेय स्पर्धांतून वर आलेला नाही, सैन्यात गेल्यावर या खेळात आला. आपल्या शाळांच्या मैदानांनी यावरून काय समजायचं ते समजावं.

एकच पोरगं सगळीकडं

चपळ पोरगं शाळेत एक असलं की ते १००, २००, लांब उडी, रिले, खो-खो आणि कबड्डी सगळ्यांत असतं. एकाच आठवड्यात. शाळेला ढाल मिळते आणि पोराच्या मांडीचा मागचा स्नायू धरतो. एकदा तो ओढला गेला की तीन आठवडे तरी गेले, आणि तेवढ्यात जिल्हा होऊन जातो. पावसाळ्यात मैदानावर काळी माती चिकटते म्हणून सराव डांबरी रस्त्यावर नेतात, त्यातून नडगी दुखायला लागते. नडगी दुखते म्हटल्यावर ‘पळून पळून जाईल’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नये. मुरमाचा कच्चा रस्ता किंवा माळ बरा, आणि जोरात पळण्याचा सराव आठवड्यात दोन-तीनच दिवस.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. राज्यातल्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं आहे. सरावाला दम लागतो, ४०० मीटरला शेवटच्या वळणावर पाय उचलत नाहीत, तेव्हा पोरगी आळशी आहे असं ठरवण्याआधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी बऱ्याच मुली दप्तरातच ठेवतात. ती जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. स्पर्धेच्या दिवशी नवीन काही खाऊ नये. भाकरी, गूळ-शेंगदाणे, केळी हे नेहमीचंच बरं, तेही शर्यतीच्या दोन-तीन तास आधी. आणि मुली असतील तिथं महिला शिक्षक सोबत हव्यात. नसतील तर घरचे पाठवत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

दसऱ्यानंतर

तालुका स्पर्धा साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात होतात, मग जिल्हा, आणि विभाग-राज्य दिवाळीच्या मागं-पुढं. याच वेळी पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी, गेवराई इथून टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, तारीख ठरलेली असते. जिल्ह्याला पहिलं आलेलं पोरगं विभागाच्या दिवशी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कोपीवर असतं. यादीत त्याच्या नावापुढं ‘गैरहजर’ लिहिलं जातं. मुलींचं याहून अवघड. तिला मागं एकटी कुणाकडं ठेवायची ही भीती खरी असते, आणि त्या भीतीतून कमी वयात लग्न उरकल्याची उदाहरणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाहीत.

यावर वाट आहे, पण ती सप्टेंबरमध्येच धरावी लागते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि संत भगवान बाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. तालुक्याला नंबर आला त्याच दिवशी क्रीडाशिक्षकांनी पालकांना भेटून ‘उसाला कधी निघणार’ हे विचारावं आणि मुख्याध्यापकांमार्फत वसतिगृहाचा अर्ज करावा. आजी-आजोबा गावात असतील तर त्यांच्याशी बोलून ठेवावं, विभागाला जायच्या दिवशी गाडीत कोण बसवणार हे नावानिशी ठरवावं. क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली तर राहणं, खाणं, शाळा आणि सराव एकाच ठिकाणी होतं. तिच्या निवड चाचण्या लहान वयातच घेतात, दहावीपर्यंत थांबून चालत नाही.

कागद जपून ठेवा

दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, पण ते आपोआप मिळत नाहीत. अर्ज शाळेमार्फत, मुदतीत जावा लागतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. नुसत्या तालुका पातळीच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाही, आणि वरच्या पातळीचं प्रमाणपत्रही विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून पडताळून घ्यावं लागतं. खोटी प्रमाणपत्रं विकणारे दलाल फिरतात. त्यांच्या नादी लागलेल्याची नोकरी तर जातेच, गुन्हाही दाखल होतो.

पहाटे मैदानावर भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १०० मीटरला १५ गुण आहेत : पुरुषांना ११.५० सेकंद किंवा कमी, महिलांना १४ सेकंद किंवा कमी, तर पूर्ण. शाळेत नीट ब्लॉक आणि सुरुवात शिकलेल्या पोराला पुढं इथं फायदा होतो, म्हणून घरचेही सरावाला नाही म्हणत नाहीत. फक्त नववीतल्या पोराला भरतीच्या पोरांसोबत रोज १६०० मीटर पळवू नये. त्याला त्या वयात ३० मीटरचे जोरदार झटके, भरपूर विश्रांती आणि सहा बुटकी हर्डल्स पुरतात. आपल्या तालुक्यात खरे हर्डल्स कोणत्या शाळेकडं किंवा संकुलात आहेत याची चौकशी तालुका क्रीडा अधिकाऱ्यांकडं करता येते, आणि मुख्याध्यापकांच्या पत्रावर ते सरावासाठी मागता येतात. मागणी जुलैत करा. स्पर्धेच्या आठवड्यात ते कुणीच देत नाही.